कासवाची गोष्ट, शेवटपर्यंत

आमच्या घरात माझं ऑफिस म्हणजे इस्त्रीचं टेबल. ते उंच आहे, त्यामुळे उभं राहून काम करता येतं, आणि उभं राहिलं की कडेवरच्या मुलीला झुलवता येतं. मुलगी दहा महिन्यांची आहे. तिचं नाव आम्ही फार हौसेने ठेवलं होतं, पण ते दवाखान्याच्या कार्डावरच राहिलं. घरात सगळे तिला भोंगा म्हणतात. का, ते शेजाऱ्यांना विचारा.

मी गोष्टींच्या एका अ‍ॅपवर काम करते. लोक आपल्या घरच्या आजी-आजोबांच्या, काका-मावश्यांच्या आवाजात गोष्टी रेकॉर्ड करून त्यात टाकतात आणि पोरं त्या ऐकत झोपतात. कल्पना गोड आहे. पण प्रत्येक आजोबांचा फोन वेगळा, घसा वेगळा, आणि फोन तोंडापासून किती लांब धरायचा याबद्दलची मतंही वेगळी. एका गोष्टीतला ससा ऐकूच येत नाही म्हणून आई आवाज वाढवते, तेवढ्यात ती गोष्ट संपते आणि पुढच्या गोष्टीतला सिंह थेट पाळण्यात उडी मारतो. मूल रडतं, मग आई रडते, आणि रडता रडता आम्हाला पाचातला एक तारा देते.

"बटणाला हात लागता कामा नये," आमचे साहेब म्हणाले. त्यांना आम्ही कॅप्टन म्हणतो, कारण एका मजल्यावर मावणाऱ्या ऑफिसला ते कायम 'आपलं जहाज' म्हणतात. "पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत एकच आवाज. फाइल कशीही येऊ दे, अ‍ॅपने ती सरळ करायची. हे तू कर."

"करते. घरून."

कॅप्टनने फोनवर मोठा श्वास घेतला. बाळंतपणानंतर मला घरून काम करू द्यायला ते तयार झाले होते, ते फक्त 'बघू' एवढ्या एका शब्दावर. आता त्या 'बघू'ची मुदत भरली होती.

"हे बघ, शुक्रवारी दुपारी पाळणाघरवाल्या बाईंना दाखवायचंय. त्यांची गावभर पाळणाघरं आहेत. त्यांनी घेतलं तर जहाज तरलं. तिथे नीट चाललं, तर तू घरूनच काम कर, मी पुन्हा विचारणार नाही. नाही चाललं, तर सोमवारपासून सगळ्यांसारखी नऊ ते सहा इथे. मला वरच्यांना तोंड द्यावं लागतं गं."

भोंगा बाटलीला तोंड लावत नाही. तिच्यासमोर बाटली धरली की ती आपल्याकडे असं बघते, की आपण तिची फसवणूक करताना रंगेहाथ पकडले गेलोय. त्यामुळे कॅप्टन ज्याला सोमवार म्हणत होते, त्या दिवशी आमच्या घरात काय होणार हे मला ऐकू यायला लागलं होतं.

"होईल," मी म्हटलं.

तसं हे काम ऐकायला वाटतं तेवढं अवघड नाही. फोनच्या लेखी आवाज म्हणजे आकड्यांची एक लांबलचक रांग. मोठा आवाज, मोठा आकडा. हळू आवाज, छोटा आकडा. आवाज दुप्पट करायचा तर प्रत्येक आकड्याला दोनाने गुणायचं. फार गुणलं तर आकडे छताला जाऊन आपटतात आणि आवाज फाटतो. बस, एवढंच. कोणत्या फाइलला कितीने गुणायचं हे अ‍ॅपने आपलं आपण ठरवायचं, ही माझी कामगिरी.

तपासायला मला बाहेरून आवाज आणायची गरज नव्हती. एक घरातच होता. माझे सासरे, अप्पा, पोहायला शिकवायचे. सगळी उमर तलावाच्या या काठावर उभं राहून त्या काठावरच्या, कानात पाणी गेलेल्या पोरांना ओरडून सांगण्यात गेली. आजही ते मीठ मागतात तर तळाशी बसलेल्या माणसाला ऐकू जावं असं मागतात. गोष्टीत कुठे उत्कंठा वाढली की खिशातून शिटी काढून वाजवतात.

दुसरा आवाज माझ्या आईचा. ती दुसऱ्या गावी असते. नवजात बाळांच्या वॉर्डात तिने नोकरी केली, त्यामुळे तिचं बोलणंच दबक्या पावलांचं. गोष्ट सांगायची तिची एक पद्धत आहे. साध्या आवाजात सुरुवात करायची आणि मग एकेक वाक्य खाली उतरायचं, जिना उतरावा तसं. सोबत पाठीवर थोपटणं. थोपटायला काही नसलं तर तिला गोष्टच सुचत नाही, म्हणून भोंग्यासाठी रेकॉर्ड करतानासुद्धा ती मांडीवर उशी घेऊन बसली होती. गोष्ट एकच, लहानपणापासूनची: कासवाला झोप येत नाही, म्हणून ते उशी शोधायला निघतं. आधी बदकाकडे जातं, मग मेंढीकडे, मग खारीकडे.

मी अप्पांच्या फाइलपासून सुरुवात केली. पहिला उपाय सोपा होता: फाइलमधला मोठ्यात मोठा आकडा शोधायचा आणि तो छताला टेकेल इतकी सगळी फाइल वाढवायची किंवा कमी करायची. अ‍ॅपने शोधला. ती शिटी होती. शिटी छताला टेकली आणि शिटीच्या मानाने बाकीचे अप्पा कुठल्या कुठे खाली राहिले.

म्हणून मी दुसरा उपाय केला आणि त्यावर स्वतःच खूश झाले. फाइलचे छोटे छोटे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचा वेगळा न्याय करायचा. जो तुकडा हळू, तो वर उचल. जो मोठा, तो खाली दाब. सगळ्यांची उंची एक. कॅप्टनना हवं होतं अगदी तसंच.

अप्पांची गोष्ट त्यातून काढून लावली, तर सासूबाई हातातली शेंग टाकून बाहेर आल्या.

"हे कोण बोलतंय?"

"अप्पा."

"आपले?" त्या तिथेच बसल्या. माणूस घरात बोलतो तसं अप्पा बोलत होते. शिटीसुद्धा दाराच्या फटीतून वारा यावा इतकीच. "लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हा आवाज मी आज ऐकते आहे. हे यंत्र फोनमध्येच चालतं का गं? गळ्यात नाही का बांधता येत?"

"मी हळूच बोलतो!" अप्पा आतल्या खोलीतून म्हणाले. खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकलं.

मग आईची फाइल. हिचं काय व्हायचंय, ती आधीच शहाणी. तरी मी नियमाप्रमाणे तपासायला घेतली. कासव निघालं. बदकाकडे पोचलं. आवाज कसा स्वच्छ, जवळ, जराही कमी न होणारा. मेंढी लागेपर्यंत माझं कपाळ इस्त्रीच्या टेबलाला टेकलं होतं. जाग आली तेव्हा फाइल संपलेली, भोंगा खाली चटईवर झोपलेली, आणि माझ्या गालावर टेबलाच्या कापडाची नक्षी.

"अरे, तू ऐक जरा शेवटपर्यंत," मी नवऱ्याला सांगितलं. तो लिफ्टची दुरुस्ती करतो. नुकताच कामावरून आला होता. "मला झोप लागली."

"गोष्ट ऐकायचं काम आहे? रोज दे." तो बूट न काढता सोफ्यावर बसला आणि कानात इयरफोन घातले. पुढच्या वेळी मी पाहिलं तेव्हा एक बूट काढलेला होता आणि दुसरा हातात.

"कशी वाटली?" मी त्याला हलवून विचारलं.

"मस्त."

"शेवट?"

"शांत," तो म्हणाला.

मग अप्पांनी ऐकली, सासूबाईंनी ऐकली. दोघंही ताजीतवानी होऊन उठली आणि दोघांनीही पसंती दिली. मी कॅप्टनना कळवलं: चार जणांनी तपासली, कुणाचीही तक्रार नाही. लिहिताना माझ्या मनाला काडीचीही शंका आली नाही. लहानपणापासून मी खारीच्या पुढे कधी गेलेच नव्हते. खारीच्या पुढे काही असतं, हेच माझ्या डोक्यात नव्हतं.

शुक्रवारी नवऱ्याला एका दवाखान्यातली अडकलेली लिफ्ट सोडवायला जावं लागलं आणि सासूबाईंचा डोळे तपासायचा दिवस होता. म्हणून मी, भोंगा आणि भोंग्याला सांभाळायला अप्पा, अशी वरात पाळणाघरात पोचली.

"अप्पा, आत गेलं की तोंड उघडायचं नाही."

"नाही उघडत!"

रस्त्यावरचे दोघं थांबून बघायला लागले.

दारात चपला-बूट काढायचे होते. भिंतीवरच्या खणांत बशीएवढे बूट नीट लावलेले, त्यात कॅप्टनचे बूट बसेनात, म्हणून त्यांनी ते हातात धरले. उजव्या मोज्याला भोक होतं. ते झाकायला ते एका पायावर दुसरा पाय ठेवून उभे होते, त्यामुळे जहाज जरा कललेलं दिसत होतं.

आत पडदे ओढलेले. जमिनीवर पातळ गाद्या, त्यांवर अठरा पोरं. कुणी पाय भिंतीला लावलेले, कुणी शेजारच्याचा कान धरलेला. पाळणाघराच्या मालकीणबाई किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून उभ्या होत्या, वाजू नये म्हणून. "आमच्या ताई रोज गोष्ट सांगतात," त्या म्हणाल्या. "पण घसा बसतो हो त्यांचा. तुमचं यंत्र झोपवत असेल तर बघू."

मी फोन स्पीकरला जोडला आणि आईची गोष्ट लावली.

कासव निघालं. बदकापाशी भिंतीवरचे पाय खाली आले. मेंढीपाशी कान सुटला. खारीपाशी खोलीत फक्त श्वास होते. भोंगा अप्पांच्या खांद्यावर लाळ सोडत झोपली. अप्पा त्या इवल्याशा खुर्चीवर गुडघे कानाशी घेऊन बसलेले, तोंड घट्ट मिटलेलं. कॅप्टनने मला लांबूनच अंगठा दाखवला. मीही भिंतीला टेकून उभी होते, डोळे जड झाले होते, पण मोजे घातलेले पाय गार फरशीवर होते आणि सोमवारची भीती होती. म्हणून जन्मात पहिल्यांदा मी खारीच्या पुढे गेले.

"मग कासव निघालं," आई म्हणाली. "कासवाने चष्म्याची काडी दुरुस्तीला टाकली."

मी डोळे उघडले.

"मग कासवाने गॅसवाल्याला फोन केला. गॅसवाला म्हणाला, उद्या."

कॅप्टनच्या भुवया वर गेल्या. माझ्या ध्यानात आलं: इथवर ऐकणारं कुणी जागंच नसतं. आई फक्त आवाज चालू ठेवत होती, जे तोंडाला येईल ते. आणि दुसरी गोष्ट ध्यानात आली, ती जास्त वाईट होती. आई एकेक पायरी खाली उतरत होती, आणि माझं अ‍ॅप प्रत्येक पायरीला तिची कॉलर धरून तिला वर ओढत होतं. ती कुजबुजत होती, पण कुजबुज खोलीएवढी झाली होती. उशीवरचं थोपटणं आता ढोलासारखं पडत होतं. थाप! थाप!

"कासवाने... पडदे... भिजत... घातले..." आणि मग श्वास. माझ्या आईचा निवांत श्वास झाडं उन्मळून पाडेल असा खोलीतून गेला. त्यामागून शांतता आली. अ‍ॅपच्या लेखी शांतता म्हणजे फारच हळू आवाज. त्याने तीही उचलली. आईच्या घरचं घड्याळ कुणीतरी घणाने बडवायला लागलं.

मी फोनकडे धावले. दोन गाद्या ओलांडायच्या होत्या. तेवढ्यात आई मांडीवरच्या उशीला, सवयीने, अगदी ओठातल्या ओठात जे बोलली, ते छतापासून जमिनीपर्यंत घुमलं:

"झोपली एकदाची! हुश्श!"

आणि पाठोपाठ चहाचा घोट. मोरी तुंबल्यावर पाणी जातं तसा.

अठरा पोरं एका वेळी उठून बसली. "कोण आलं?" एकाने विचारलं. भोंग्याने डोळे उघडले, परिस्थितीचा अंदाज घेतला आणि सुरू झाली. मी वायर उपटली, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. भोंग्याचं बघून बाकीच्यांनीही सूर धरला होता. कॅप्टनच्या हातातला एक बूट खाली पडला.

"आमची मुलं तशी तुमच्या यंत्राशिवायही झोपत होती," मालकीणबाई म्हणाल्या. म्हणजे बहुतेक तसंच म्हणाल्या, मला फक्त ओठ दिसले.

"मला पंधरा मिनिटं द्या!" मी ओरडले.

"आता काय पंधरा मिनिटं!" कॅप्टन म्हणाले. "अगं, बुडालो आपण!"

"कॅप्टन, तुम्ही बसा हो. अप्पा, तुम्ही उघडा तोंड!"

अप्पा याचीच वाट बघत होते. त्यांनी शिटी फुंकली. रडणं कापल्यासारखं थांबलं. "पालथे पडा सगळे!" ते त्या काठावरच्यांना म्हणाले. "हात पुढे! पाय मारा! गुडघा नाही वाकवायचा, ए निळा शर्ट!" आणि अठरा पोरं गाद्यांवर पालथी पडून पोहायला लागली. मालकीणबाईंनी किल्ल्या खिशात टाकल्या. कॅप्टन अप्पांच्या नजरेला पडले, तसे तेही निमूटपणे एका गादीवर आडवे झाले.

मी भोंग्याला छातीशी लावून बुटांच्या खणांखाली फतकल मारली आणि लॅपटॉप गुडघ्यावर घेतला. तुकड्या-तुकड्याचा न्याय सगळा पुसून टाकला. त्याच्या जागी एकच हिशोब लिहिला: सगळी फाइल आधी एकदा पूर्ण ऐकायची, मधल्या शांतता सोडून बोलणं साधारण किती मोठं आहे ते बघायचं, आणि मग सबंध फाइलला एकाच संख्येने गुणायचं. म्हणजे आईच्या पायऱ्या होत्या तशाच राहतील. फक्त अख्खा जिना उचलून जरासा वर ठेवायचा. अप्पांच्या शिटीसारखं काही मध्येच छताला आपटायला लागलं तर त्यावर झाकण. झालं. मी कितीतरी दिवस खपून जे लिहिलं होतं, त्यापेक्षा हे निम्म्याहून लहान होतं. भोंगा दूध पिता पिता एका हाताने कळा दाबत होती. तिचा एक स्वल्पविराम मला शोधून काढावा लागला.

मी आत गेले तेव्हा पोरं दमली होती. अप्पा म्हणाले, "आता पाठीवर तरंगा," आणि हे मात्र ते खरंच हळू म्हणाले. मला वाटलं मला भास झाला.

भोंग्याला अप्पांकडे देऊन मी गोष्ट पुन्हा लावली. कासव निघालं, बदकाकडे गेलं. मेंढीच्या आधीच निम्मी खोली गेली. खारीपाशी अप्पा गेले, मांडीवर भोंगा. मालकीणबाई खिडकीशी हनुवटी छातीवर टेकवून. कासवाने चष्म्याची काडी टाकली ती मला ऐकू आली; गॅसवाल्याला फोन केला तो अर्धा. पडदे भिजत घातले की नाही, कुणास ठाऊक. मी गाद्यांमधून अलगद जाऊन स्पीकरला कान लावला. घड्याळ होतं, फार लांब. मग आईचं 'झोपली एकदाची', मग चहा. इतका हळू की चहा नसून चहाची आठवण असावी.

आणि त्यानंतर, मघाशी मी वायर उपटली होती तिथे, आणखी एक वाक्य होतं.

"हिची आईपण झोपली असेल आता," आई उशीला सांगत होती. "त्या इस्त्रीच्या टेबलावर डोकं टेकून. व्हिडिओवर दिसतं मला सगळं. झोपू दे. उठवू नका कुणी तिला."

मग खुर्ची करकरली आणि फाइल संपली.

मी तशीच बसून राहिले, स्पीकरला गाल लावून. त्या खोलीत त्या दिवशी आधीच भरपूर रडून झालं होतं, त्यात मी भर घातली नाही. म्हणजे फार घातली नाही.

थोड्या वेळाने मालकीणबाई हनुवटी उचलून इकडेतिकडे बघायला लागल्या. अठरा गाद्या मोजल्या, मग एकोणिसाव्या गादीवर कॅप्टन पालथे, एक हात पुढे, भोकाचा मोजा वर. गालाखाली लाकडी ठोकळा.

"तुमचे साहेब उठले की सांगा," त्या कुजबुजल्या. "मला हवंय हे. सगळ्या पाळणाघरांत. पण हा शेवटचा हळू भाग आहे ना, तो असाच ठेवा. मोठा करू नका."

"नाही करत."

"चाललं का?" कॅप्टन एक डोळा उघडून म्हणाले. गालावर ठोकळ्यावरचं हत्तीचं चित्र उमटलं होतं.

"तुम्हीच सांगा, कॅप्टन. कासवाला शेवटी कुठे गेलेलं पाहिलंत?"

त्यांनी बराच विचार केला. "मेंढी," ते म्हणाले.

"मग सोमवारी मी घरूनच."

"घरूनच, घरूनच. हळू बोल, पोरं उठतील." आणि डोळा मिटला.

घरी आल्यावर भोंग्याला खाली ठेवून मी आईला फोन लावला.

"आई, तुझी गोष्ट आज शेवटपर्यंत ऐकली."

पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग, "तुला कुणी सांगितलं होतं शेवटपर्यंत ऐकायला? तो भाग तुमच्यासाठी नसतो. तो माझा असतो."

"आवडला मला."

"हं," आई म्हणाली. "नोकरीचं काय झालं?"

"राहिली. घरूनच."

"मग झालं तर. पोरगी झोपली आहे का आत्ता?"

"हो."

"मग तूही पड जरा."

"पडते. पण आई, एक सांग. कासवाला उशी मिळते का गं शेवटी?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "तिथपर्यंत कधी कुणी जागंच राहिलं नाही."